शिरीकुठं?

आमच्या गल्लीला बाहेर पडायला एकच तोंड होतं आणि त्या तोंडावर आप्पा बसलेले असत. तुम्ही पिशवी घेऊन निघा, घागर घेऊन निघा, नाहीतर नुसते हात हलवत निघा, आप्पा दोर वळता वळता, मानसुद्धा वर न करता विचारणारच, "शिरीकुठं?"

जाणाऱ्याला 'कुठं' विचारू नये, विचारलं की काम होत नाही, अशी आपल्याकडची समजूत. जुन्या माणसांनी त्यावर तोडगा काढलेला. आधी 'श्री' म्हणायचं आणि मग 'कुठं'. श्री लावला की अपशकुन धुतला जातो. पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा बहुतेक माणसं न विचारता गप्प बसतात. आप्पा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी श्रीचा शिरी केला आणि सगळ्या गल्लीला विचारत सुटले. पोरं त्यांना मागून 'शिरीकुठं आप्पा' म्हणत. आप्पांना ते ठाऊक होतं. कारण गल्लीत आप्पांना ठाऊक नाही असं काहीच नव्हतं.

उत्तर दिलं की आप्पा म्हणायचे, "हां. गाठ मारली." हे नुसतं बोलणं नव्हे. दुकानाच्या चौकटीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला पुरुषभर लांबीची सुतळी टांगलेली होती. गल्लीतून कुणी गावाबाहेर किंवा लांबच्या कामाला निघालं, की आप्पा त्या सुतळीला खरोखरीची गाठ मारत. माणूस परत आला की गाठ सोडत. दिवे लागायच्या वेळेला ते सुतळीवरून वरून खाली बोटं फिरवायचे. सगळी सुतळी सरळ लागली की दुकान बंद. एखादी गाठ बोटाला लागली, की आप्पा पुन्हा बसले.

"एवढ्या गाठींत कुठली कुणाची, हे कळतं कसं?" मी एकदा विचारलं होतं.

"आता बगा, वकीलसाबाची गाठ फुगीर. पार्वतीबाईची दुपदरी. तुमची ल्हान. पर सुटता सुटत न्हाई."

सगळ्यात वर, खिळ्याला अगदी लागून, आणखी एक गाठ होती. काळी, तेलकट, चिंचोक्यासारखी टणक. ती कधी सुटलेली मी पाहिली नाही; आप्पांची बोटंही तिच्याखालूनच सुरू व्हायची. ती कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, "ती जुनी हाय," आणि दोराला पीळ देत राहिले.

मी त्या गल्लीत राहायला आले ती लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा. जिल्हा आला, पण पाऊस काही आला नाही. साहेब आले, जीपा आल्या, पाट्या रंगवणारे आले. नळाला पाणी मात्र आठवड्यातून एकदा. मी नांदेडची, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली, बी. ए. झालेली, टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेली आणि स्वतःला फार काही समजणारी. त्या वेळची मी आज मला रस्त्यात भेटले असते, तर आधी एक टपली मारली असती आणि मग चहा पाजला असता. एका नव्या कचेरीत मला आवक-जावक टेबल मिळालं. आलेल्या कागदाला नंबर, गेलेल्या कागदाला नंबर. दिवसभर मी कागदांवर पाळत ठेवायची आणि संध्याकाळी आप्पा माझ्यावर ठेवतात म्हणून चिडायची. यात काही विनोद आहे हे कळायला मला तीसेक वर्षं लागली.

आमचे हे जळकोटला शाळेवर मास्तर. महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी येत. मी पार्वतीबाईंच्या माडीवर एकटी राहायची. खोली देतानाच पार्वतीबाईंनी कमरेवर हात ठेवून सांगितलं होतं, "नवरा जवळ नसलेली बाई ठेवायची म्हंजी निखारा पदरात घ्यायचा. येक गोष्ट जरी कानावर आली, तरी त्याच दिवशी खोली खाली." लातुरात तेव्हा खोल्या मिळत नव्हत्या. अख्खा जिल्हा खोली शोधत फिरत होता. खोली गेली असती तर नोकरी सोडून सासूबाईंकडे देवणीला जाऊन गोवऱ्या थापणं आलं असतं.

तर पहिल्या पगारात मी काय घेतलं असेल? पडदे. पाणी भरायला दुसरी घागर नव्हती, पण तीन खिडक्यांना तीन पडदे. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की माणसाला स्वतःचं असं एक आयुष्य हवं. पडद्याशिवाय ते कुठं ठेवणार?

आप्पांचं पूर्ण नाव शिवलिंगप्पा. पन्नाशीचे, काटक. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि तळहात असे की त्यावर खोबरं किसून घ्यावं. घरात ते एकटेच. दुकान दोरांचं. दावी, कासरे, आडाला लागणारे लांब दोर. दुष्काळात दुसऱ्या सगळ्या दुकानांत माशा होत्या, आप्पांकडे गिऱ्हाईक. पाणी खाली गेलं की दोर लांब लागतो ना! कोण किती हात दोर नेतं, यावरून कुणाच्या आडाला पाणी कुठवर आहे हे आप्पा बसल्या जागेवरून सांगायचे. सरकारला ती माहिती गोळा करायला माणसं नेमावी लागली असती.

त्यातूनच गल्लीतले वकीलसाहेब अडकले. आपला आड आटला असं सांगून त्यांनी दार लावून घेतलं होतं. एक दिवस जुना दोर कुजला म्हणून नवा न्यायला आले. आप्पांनी माप विचारलं. वकिलांनी सांगितलं, मागच्याइतकाच.

आप्पांचा हात थांबला. "मागच्याइतकाच? आड आटला म्हणता, आन् दोर तेवढाच नेताय? सगळ्या गावाचं पाणी पाताळात चाललंय. तुमचा आड वाळून बी वरच हाय काय, वकीलसाब?"

दुसऱ्या दिवसापासून वकिलांच्या आडावर सकाळी दोन तास गल्लीला पाणी मिळायला लागलं. त्या रांगेत माझीही घागर होती. आप्पांनी लोकांच्या आडात डोकावावं की नाही, हा प्रश्न त्या दोन तासांत मला पडला नाही, हे इथं कबूल करते. तो मला फक्त रविवारी पडायचा.

कारण हे इथं नसतील त्या रविवारी दुपारी तीन ते सहा माझे होते. या तीन तासांसाठी मी आठवडाभर जगायची. एका रविवारी ठरवून आप्पांच्या पुढ्यात उभी राहिले. भाषण पाठ केलं होतं.

"शिरीकुठं, बाईसाब?"

"आप्पा, मी कुठं जाते ही माझी खाजगी गोष्ट आहे."

"खाजगी म्हंजी?"

"म्हणजे सरकारी नाही ती."

आप्पांनी नीट विचार केला. दोराला दोन पीळ दिले. "मंग बरुबर हाय की. मी तरी कुठं सरकारी हाय? मी बी खाजगीच इचारतोय."

याचं उत्तर माझ्या भाषणात नव्हतं. मासिकातही नव्हतं. चिडून मी तोंडाला येईल ते बोलले, "मावशीकडं. औशाला."

"हां. गाठ मारली. मावशीचं नाव काय म्हणलात?"

समोरच्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातली रंगवलेली अक्षरं होती. चि. सौ. कां. शकुंतला. "शकूमावशी," मी म्हणाले.

औशाला माझी मावशी नव्हती. औशाला माझं कुणीच नव्हतं. मी जायची लातूरच्या स्टेशनवर. तेव्हा तिथं ती छोटी गाडी यायची, खेळण्यातली वाटावी अशी. मी फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसायची, चार आण्यांचे शेंगदाणे घ्यायची आणि गाडी येताना बघायची, जाताना बघायची. मधल्या वेळात काहीच करायची नाही. कुणी ओळखीचं नाही, कुणी 'मास्तरीणबाई' म्हणणारं नाही, कुणाला नंबर द्यायचा नाही. बस्स, एवढंच होतं. पण नवरा परगावी असलेली तरणी बाई दर रविवारी स्टेशनवर नुसती बसायला जाते, हे पार्वतीबाईंना पटवून देणारा वकील आमच्या गल्लीत नव्हता. आमच्या गल्लीतला तर आडातच पकडला गेला होता.

खरं सांगायचं तर मला त्या बाकावर एकटं बसायचं नव्हतंच. मला यांच्याबरोबर बसायचं होतं. ते जमत नव्हतं, म्हणून मी त्याला स्वातंत्र्य म्हणत होते.

खोट्या मावशीचं एक वाईट असतं, ती वाढत जाते. आप्पांना तिची काळजी लागली. मी एकदा म्हणून गेले की तिचे गुडघे दुखतात. पुढच्या रविवारी आप्पांनी निर्गुडीचा पाला बांधून दिला. मग विचारलं, मावशीच्या आडाचा दोर किती हाताचा? मी म्हणाले, पंधरा. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारलं. मी विसरून म्हणाले, बारा.

आप्पांनी डोळे बारीक केले. "मागं पंधरा म्हणलात. औशात पाऊस झाला काय?"

"मोजायला चूक झाली असेल," मी म्हणाले. 

"मोजू देत जाऊ नका तिला. म्हातारं माणूस. वाकून आडात पडंल." आणि त्यांनी चार हात दोर कापून माझ्या पिशवीत घातला. "जोडून घ्या म्हणावं. माझ्याकडून."

तेव्हापासून दर महिन्याला चार हात दोर. स्टेशनवर टाकून द्यायला मन होईना. दोर चांगला होता, आणि दुष्काळात दोर टाकणं म्हणजे पाणी टाकल्यासारखं. मी ते सगळे तुकडे कॉटखाली ठेवत गेले. पडद्याआडचं माझं जे स्वतःचं आयुष्य होतं, ते असं कॉटखाली गोळा होत होतं.

आणि मग तो रविवार. मी "मावशीकडं" म्हणून तीनला निघाले. साडेचारच्या सुमाराला गल्लीत बातमी आली की दुपारची औसा बस रस्त्यात कलंडली. कुणी दगावलं नाही हे नंतर कळलं. तेव्हा फक्त बस कलंडली एवढंच कळलं. आप्पांनी हातातला दोर खाली टाकला, दुकान उघडं ठेवलं आणि सायकल काढली.

हे सगळं घडत असताना मी बाकावर शेंगदाणे खात होते. छोटी गाडी त्या दिवशी वेळेवर आली याचं मला कौतुक वाटत होतं.

सहाला गल्लीत शिरले तर सगळी गल्ली बाहेर. पार्वतीबाईंनी आधी छातीवर हात मारून घेतला, मग मला खांद्याला धरून उभं-आडवं बघितलं. कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. पदरावर शेंगदाण्याची दोन टरफलं तेवढी होती.

"बस कलंडली न्हवं?"

"मी दुसऱ्या गाडीनं आले."

"रस्ता तर चारपासून बंद हाय. उडत आलीस का काय?"

मी काहीतरी पुटपुटून माडीवर गेले. खाली पार्वतीबाई मोठ्यानं म्हणत होत्या, मला ऐकू यावं असंच, "येऊ दे आप्पाला. आप्पा मावशीलाच भेटून येईल. मंग कळंलच."

औशाला गेलेला माणूस तिथं शकूमावशी शोधणार. आणि ती नाही हे कळायला कितीसा वेळ लागणार? त्या संध्याकाळी मी पिशवी भरून ठेवली. पडदे काढून घड्या घातल्या. यांना काय सांगायचं हे चार प्रकारांनी जुळवून बघितलं. चारही प्रकारांत मी वाईट दिसत होते.

आप्पा सकाळी आले, माझी ऑफिसला निघायची वेळ झाली तेव्हा. सायकलचं मागचं चाक बसलं होतं, हातानं ढकलत आणली होती. विभूती घामानं पुसून गेलेली. मी गल्लीच्या तोंडाशीच उभी होते. आप्पांनी मला पाहिलं. सरळ खिळ्यापाशी गेले आणि सुतळीची एक लहान गाठ सोडली. तिला वेळ लागला. 

तोवर पार्वतीबाई कमरेवर हात ठेवून हजर. मागे निम्मी गल्ली. "काय वो आप्पा, भेटली का मावशी?"

मी जमिनीकडे बघत होते.

"भेटली की," आप्पा म्हणाले. "गुडघं लई सुजलंय बगा. पर बाई मोठी गोड. तिनंच बाईसाबास्नी मालाच्या गाडीत बसवून आडरस्त्यानं लावून दिलं. मी पोचलो तवा ह्या कवाच निघालेल्या. मला म्हन्ली, आप्पा, तुमचा दोर लई चांगला."

गल्ली पांगली. पार्वतीबाई मात्र जाता जाता पुन्हा एकदा माझ्याकडे वळून बघून गेल्या. जिला एका शब्दानं घराबाहेर काढता आलं असतं, ती मी तशीच उभी राहिले. गल्लीभर डोळे लावून बसलेल्या माणसानं सगळ्यांदेखत माझ्यापुढं पडदा ओढला होता. तीन खिडक्यांना लावलेल्या माझ्या पडद्यांपेक्षा चांगला होता तो.

संध्याकाळी कचेरीतून येताना मी दुकानाच्या पायरीवर बसले. माफी मागायची होती, पण ती तोंडातून निघेना. आप्पाच म्हणाले, "औशात तीन शकुंतला निघाल्या. येक सहा वर्साची. येक सासरी गेल्याली. आन् तिसरीनं माझ्या अंगावर कुत्रं सोडलं."

मी हसले आणि हसता हसता रडले. मग सगळं सांगितलं. स्टेशन, बाक, शेंगदाणे, सगळं.

"कुणाला भेटायला जाता?"

"कुणालाच नाही."

आप्पांनी मान हलवली. त्यांना ते चटकन कळलं, याचंच मला नवल वाटलं. थोडा वेळ दोर वळला. मग दोराशीच बोलल्यासारखे बोलायला लागले.

"थोरल्या दुष्काळात आमची ही निघाली. सकाळची येळ, हातात गठुडं. मी हितंच बसलो होतो. आई म्हन्ली, जानारीला कुठं म्हनू नये. म्हनून न्हाई इचारलं. मला वाटलं माहेरी गेली, भालकीकडं. तिकडं त्यास्नी वाटलं, सासरीच हाय. महिनाभर दोनी घरं निवांत."

"मग?"

"मंग काय. हुडकलं. पर कुठल्या वाटंनं हुडकायचं, त्येच ठावं न्हवतं." दोराचं टोक त्यांनी पायाच्या अंगठ्यात धरून ताणलं. "बाईसाब, कुठं, ते खोटं सांगितलं तरी चालंल. तुमचं खाजगी तुमच्यापाशी. परत कवा, तेवढं खरं सांगत जावा."

मी वर पाहिलं नाही. खिळ्याजवळची ती काळी गाठ मला न बघताच दिसत होती.

पुढच्या रविवारी मी निघाले. "शिरीकुठं, बाईसाब?" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं आप्पांनी विचारलं. मीही मोठ्यानं सांगितलं, "मावशीकडं."

"परत कवा?"

"सहाला."

"हां. गाठ मारली. आन् हे घ्या, मावशीच्या गुडघ्याला." पाला होताच. महिन्याला चार हात दोरही येत राहिला. आता मावशी आम्हा दोघांची झाली होती. आप्पा पार्वतीबाईंना तिच्या तब्येतीची हालहवाल सांगत. कधी कधी तर मला न सांगता तिला बरंही करून टाकत.

मग आमच्या ह्यांना नांदेडला शाळा मिळाली आणि माझीही बदली झाली. ट्रक आला. कॉट, ट्रंक, पिंप वर चढलं आणि ड्रायव्हर म्हणाला, सामान बांधायला दोर लागंल. आमच्या ह्यांनी कॉटखालचा ढीग ओढून काढला आणि कौतुकानं म्हणाले, "अगं, किती दोर जमवलेस तू!" आप्पा समोरच उभे. माझ्या चेहऱ्याचं काय झालं ते मला माहीत नाही. आप्पांनी एकेक तुकडा हातात घेतला, एकमेकाला जोडला, सगळं सामान स्वतःच्या हातानं आवळून बांधलं आणि शेवटची गाठ दातानं ओढत ह्यांना म्हणाले, "मावशीनं लई जपून ठिवलेत बगा."

"कोण मावशी?" आमच्या ह्यांनी विचारलं. त्यांना मी ते ट्रक अहमदपूरला पोचेपर्यंत सांगत होते.

निघताना आप्पांनी विचारलंच. "शिरीकुठं?"

"नांदेडला." पहिल्यांदाच खरं सांगितलं.

"परत कवा?"

"दिवाळीला," मी म्हणाले. सहज. आपण म्हणतो ना तसं. येईन हं, भेटू हं.

"हां. गाठ मारली."

त्या दिवाळीला मूल पोटात होतं. पुढच्या दिवाळीला ते पायात पायात येत होतं. त्याच्या पुढच्या दिवाळीला सासूबाई आजारी. चौथ्या वर्षी कचेरीच्या कामानं लातूरला जाणं झालं तेव्हा मी मुद्दाम गल्लीत गेले, पेढ्यांचा पुडा घेऊन. गल्लीच्या तोंडाशी कुणी काही विचारलं नाही. दुकानाला फळ्या लावलेल्या होत्या.

"मागल्या उन्हाळ्यात गेले," पार्वतीबाई म्हणाल्या. त्या आता वाकल्या होत्या. "त्या पहिल्या दिवाळीला चारी दिस जागचे हलले न्हाईत. मी म्हणलं, आप्पा, जेवून तरी घ्या. म्हणले, नांदेडची गाडी यायची हाय." मग आत गेल्या आणि खिळ्यावरची सुतळी घेऊन आल्या. "ही मीच काढून ठिवली. फेकू वाटंना."

पुरुषभर सुतळी, सगळी सरळ. फक्त वर ती काळी गाठ आणि तिच्याखाली बोटभर अंतरावर दुसरी. लहान. घट्ट.

"ने. तुझीच हाय," पार्वतीबाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी ती गाठ सोडवत बसले. नखानं सुटेना, दातानं सुटेना. शेजारच्या बाईनं पिन दिली. लोहा आलं तेव्हा सुटली. वरच्या गाठीला मी हात लावला नाही. ती माझी नव्हती.

आता हे नाहीत. मी नांदेडला तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये असते, मुलगा पुण्याला. त्यानं माझ्या काळजीनं दारावर एक कॅमेरा बसवलाय आणि एक बैठकीत. पोरगा गुणाचा आहे, उगाच नावं ठेवणार नाही. मी दार उघडलं की त्याच्या फोनवर म्हणे 'हालचाल आढळली' असं उमटतं. गेल्या महिन्यात माझ्यातल्या त्या जुन्या नाठाळ पोरीला हुक्की आली. कुणाला न सांगता कुलूप लावलं आणि नांदेडच्या स्टेशनवर तीन तास बाकावर बसून आले. शेंगदाणे आता चाववत नाहीत, म्हणून केळं खाल्लं. परत आले, फोन बघितला. काही नाही. रविवारी मुलाचा फोन आला. म्हणाला, "मस्त दिसत होतीस आई, त्या दिवशी कुठली साडी नेसली होतीस?" कुठं गेली होतीस, हे त्यानं विचारलं नाही. तोही माझ्यावरच गेलाय. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत नाक खुपसू नये, हे मीच त्याला शिकवलं.

मी मात्र आता सगळ्यांना विचारते. जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्यापाशी. मला मागून काहीतरी म्हणत असतील. म्हणू देत. वरच्या मजल्यावर सायली नावाची मुलगी एकटी राहते, बँकेत नोकरीला आहे. आज दुपारी जिना उतरताना मी तिला धरलं.

"शिरीकुठं?"

"काय आजी?"

"अगं, कुठं निघालीस?"

"मावशीकडं," ती म्हणाली. "अर्धापूरला." आणि हे सांगताना ती माझ्या चपलांकडे बघत होती.

मी आत गेले आणि कैरीच्या लोणच्याची बरणी आणून तिच्या हातात दिली. "मावशीला दे. माझ्याकडून. परत कधी येशील?"

"सहापर्यंत."

"नक्की?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "नक्की, आजी."

ती गेल्यावर मी दाराच्या आतल्या खिळ्याला टांगलेल्या आप्पांच्या सुतळीला एक गाठ मारली, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. पुण्यात उमटलं असेल, हालचाल आढळली. मग हे लिहायला बसले. सहा वाजले. सहा दहा झाले. लिफ्ट वर आली आणि दुसऱ्या मजल्यावरच थांबली. सहा पंचवीसला जिन्यात पावलं वाजली. मी दार उघडून उभी राहिले. तिच्या हातात बरणी नव्हती.

"मावशीला लोणचं आवडलं का गं?"

"खूप," सायली म्हणाली आणि लाल झाली. "तिखट कमी हवं होतं म्हणाली."

आत येऊन मी गाठ सोडली. वरची तेवढी आहे तशीच आहे.